रबराची तारीख

लेथवर होत नाही असं जुन्या गाडीत फार थोडं असतं, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर त्याहून थोडं. एमजीएच्या किंगपिनचा बुश हवा असेल तर दोन गल्ल्या सोडून ब्रॉन्झचा तुकडा मिळतो. सकाळी आणला की संध्याकाळी बसतो. ब्रेक सिलिंडरला स्लीव्ह, वॉटरपंपाचा शाफ्ट, हुडाची बिजागरी, सगळं करून झालंय. टायर तेवढा करता येत नाही. करता येत नाही म्हणून चार आणून ठेवावेत, तर तो फळीवर बसल्या बसल्या म्हातारा होतो. या एका अडचणीशी माझं जुनं भांडण आहे. भाचा डिप्लोमा करून हाताखाली आला आणि ते नव्याने पेटलं.

आमच्या एका गिऱ्हाइकाची, डॉक्टरांची, एमजीए तारांच्या चाकांची, इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. 1955 ते 1962 या काळात तिथून अशा लाखावर गाड्या बाहेर पडल्या. बहुतेक अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे आल्या त्या मोजक्याच. कंपनीचा टायर 5.60-15, आणि 5.90-15 सुद्धा चालायचा. हा दुसरा नंबर म्हणजे आपल्या ॲम्बेसिडरचा. या योगायोगावर आमच्या धंद्यातल्या दोन पिढ्यांनी पोट भरलं. मालक विलायतेला पत्र लिहायच्या गोष्टी करायचे, तोवर आमचे वस्ताद टॅक्सीचे चार नायलॉन टायर रिक्षात घालून आणायचे. हेराल्डचा 5.20-13 तसाच स्पिटफायरला आणि मिजेटला जायचा. स्पोर्ट्‌स कार म्हणून मिरवणारी गाडी निम्मी टॅक्सीच्या रबरावर पळते, हे मालकांना कुणी सांगत नसे.

साहागंजचा डनलॉपचा कारखाना 1936 मध्ये उभा राहिला आणि 2011 मध्ये बंद पडला. त्याच हुगळी जिल्ह्यात, उत्तरपाड्याला, 2014 साली ॲम्बेसिडर थांबली. इतर कंपन्या टायर करत होत्या, पण गाडीच रस्त्यावरून कमी होत गेल्यावर ताज्या तारखेचा 5.90-15 आमच्या बाजारात दिसणं दुर्मीळ झालं. बाहेरून मागवावा, तर जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीला सरकारी परवाना लागतो, शिवाय आयएसआयचा शिक्का. देशी कारखाने जगावेत म्हणून केलेला नियम आहे, त्याला माझी ना नाही. पण जो टायर इथला कारखाना करतच नाही, त्याला संरक्षण कुणापासून?

मग माणूस नंबरामागे लागतो, आणि नंबर फसवा असतो. जग्वार एक्सके 120 ला 6.00-16 लागतो. हा नंबर आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल, फक्त तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, तीन धारांचा. ताशी 120 मैलांवरून नाव पडलेल्या गाडीला तो लावणारा एकजण मी पाहिलाय. गाडी उभी छान दिसत होती. याच्या उलट एमजीबीचं नशीब. तिचा 165 आर 14. जुन्या रेडियलवर उंचीची टक्केवारी छापत नसत, ती ऐंशीच्या आसपास धरायची; म्हणजे 165/80 आर 14, जो डिझायर टॅक्सीला असतो. एमजीबीवाले दुकानात जातात, चहा पितात आणि टायर घेऊन घरी येतात. मला त्यांचा राग येतो.

माझ्या पोटमाळ्यावर ॲम्बेसिडरचे काही नवे नायलॉन टायर होते. कारखाने गुंडाळायच्या काळात घेतलेले, ताडपत्रीखाली. पुण्याहून, बेळगावहून गाडीवाले यायचे, तेव्हा मी सहज काही काढायच्या निमित्ताने ताडपत्री उचलायचो. विकायचो नाही. "बघू पुढं," म्हणायचो. माणूस दारात घुटमळायचा, आणि ते मला आवडायचं. भाच्याने पहिल्याच आठवड्यात बॅटरी घेऊन त्यांच्या तारखा वाचल्या.

"मामा, हे 0912. बाराव्या सालातल्या नवव्या आठवड्याचं. ह्यो तर 4711."

"तळ बघ की. नखभरसुद्धा झिजलेला नाही."

"झिजंल कसा? चाललाच नाही त्यो."

त्याचं बरोबर होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. टायरच्या रबरात मेण घातलेलं असतं. टायर चालताना दबतो, वाकतो, तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ओझोनपासून रबर राखतं. पडून राहिलेल्या टायरला ही हालचाल मिळत नाही. विजेच्या मोटारी आणि वेल्डिंग यांतून ओझोन निघतो, आणि माझा पोटमाळा बरोबर वेल्डिंगच्या जागेवर. अंगठ्याने कड दाबून वाकवली तर बारीक चिरा केसांसारख्या उघडतात, सोडली की मिटतात. मी कड वाकवत नसे, एवढंच. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

माझ्यापेक्षा वाईट लोक आहेत, हे सांगून मी मनाची समजूत घालतो. गोटा झालेल्या टायरला गरम सुरीने नव्या खाचा पाडणारे आहेत. रॅलीच्या आदल्या रात्री बुटाचं पॉलिश मारून चिरा बुजवणारे आहेत, आणि परीक्षक फीत लावतात. मोठ्या शहरात तर तारांची चाकं काढून सतरा इंची अलॉय घालतात. गाडी जमिनीला चिकटते, स्टिअरिंग ओढतं, आणि मालक म्हणतो, पकड बघा. खाचा पाडणाऱ्याकडे निदान पैसे नसतात. अलॉयवाल्याकडे ते असतात, हीच अडचण.

डॉक्टरांच्या गाडीसाठी भाच्याने कागदावर हिशेब मांडला. दुकानात मिळणारा 185/65 आर 15 घेतला तर व्यास 62 सेंटिमीटर. लागतो 65 च्या आसपास. शिवाय एमजीएची रिम चार इंच रुंद, 185 तिच्यावर बसवायचा म्हणजे गुन्हाच. राहिला 165 आर 15, पातळ, उंच, जुन्या धर्तीचा रेडियल. तो एका व्यापाऱ्याकडे परवान्यावर आलेल्या मालात निघाला. किंमत ऐकून डॉक्टर काही बोलले नाहीत. पेशंटला मोठं बिल सांगताना ते असेच गप्प होत असतील.

बसवायचं काम मी पोराला करू दिलं, कारण टॉमी मारताना आता माझं मनगट उतरतं. तारांच्या चाकात ट्यूब लागतेच, स्पोकच्या निपलपाशी हवा टिकत नाही. पण हल्लीचा टायर आतून ट्यूबसाठी केलेला नसतो. आत बारीक कंगोरे असतात, कागदी लेबल चिकटवलेलं असतं, आणि ट्यूब त्यावर घासून घासून एक दिवस घाटात बसते. पोराने लेबल सोलून काढलं, कंगोरे पॉलिश पेपरने मारले, बोटांनी आतून पूर्ण फेरी केली, मग शंखजिऱ्याची पूड टाकून टायर फिरवला. हवा थोडी भरून पुन्हा सोडली, ट्यूबची घडी बसू नये म्हणून. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायच्या बेतात होतो.

गगनबावड्याच्या पुढे घाट उतरताना स्टिअरिंग माझ्या हातात होतं, शेजारी डॉक्टर. नायलॉनवर ही गाडी वळणात आधी कुरकुरते, मग मागून हळू सुटते. तुम्हाला वेळ देते. मला ती सवय प्यारी आहे. त्या सुटणाऱ्या गाडीला अर्ध्या फेरीने परत आणताना शेजारचा माणूस तुमच्याकडे बघतो, आणि खरं सांगायचं तर नायलॉनचा माझा कैवार निम्मा त्या बघण्यासाठी होता. रेडियलवर काही झालंच नाही. गाडी रुळावर असल्यासारखी उतरली. डॉक्टर म्हणाले, "फरक जाणवतो हो." मी म्हणालो, "स्टिअरिंग जरा जड झालंय." पार्किंगपुरतं ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी चाकांवर पान्याने टिचक्या मारत गेलो, तर मागच्या डाव्या चाकाच्या दोन तारा बद्द वाजल्या. रेडियल जास्त धरतो, तो ताण तारांवर जातो. हे मी आधीच बोललो होतो. त्या दोन तारा ढिल्या निघाल्याचा मला जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पोराने निमूट आवळल्या, चाक फिरवून डगमग पाहिली, आणि इतर तिन्ही चाकंही काढून तपासली.

आता वाद स्टेपनीचा आहे. डॉक्टर म्हणतात चारच पुरे, पाचवी म्हणून पोटमाळ्यावरचा नायलॉन ठेवा, दिसायलाही शोभतो. एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असा जोड मी लावणार नाही, पंक्चरपुरताही नाही, आणि 0912 च्या टायरवर तर मुळीच नाही. भाच्याने परस्पर पाचव्याचा आगाऊ दिलाय, माझ्या खिशातून. डॉक्टरांचं बिल म्हणूनच अजून टाईप व्हायचंय.