लॅमिंग्टन रोड आणि बिनपायांची चिप

दोस्तांनो, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेकडे थोडं चाललं, की लॅमिंग्टन रोड लागतो. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. आता रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण लोकांच्या तोंडी जुनंच!

इथल्या चिंचोळ्या दुकानांत एलईडीपासून सोल्डरच्या रिळापर्यंत सारं मिळतं. जुन्या चिपला झुरळासारखे पाय असत. दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर, त्यामुळे सोल्डरिंग सोपं. नव्या क्यूएफएन चिपला मात्र पायच नाहीत! कडेला आणि पोटाखाली धातूचे चपटे ठिपके, कडेच्या ठिपक्यांत अनेकदा जेमतेम अर्धा मिलिमीटर. मग घरी प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हात टेकायचे का? मुळीच नाही!

बोर्डावरच्या ठिपक्यांना सोल्डरचा पातळ थर द्यायचा, फ्लक्स लावायचा, खूण जुळवून चिमट्याने चिप ठेवायची आणि वरून गरम हवा सोडायची. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतं. आता गंमत बघा! किंचित तिरकी चिप आपोआप सरळ होते. पाण्याच्या थेंबाला गोल करणारा पृष्ठताणच तिला जागेवर ओढतो. पोटाखाली सोल्डर जास्त झालं, तर मात्र चिप तरंगते आणि कडेचे ठिपके जोडलेच जात नाहीत.

शिसं विषारी असतं. म्हणून खिडकी उघडी ठेवा, मोठं माणूस शेजारी असू द्या आणि नंतर साबणाने हात धुवा. मग कधी निघताय? रविवार सोडून जा हं, बरीच दुकानं बंद असतात!