थंडीचा ॲम्प्लिफायर

खानदेशात आवाजाची ऐपत वॅटमध्ये मोजतात. लग्नसराईत नवरदेवापुढे चालणारा बँड आता नुसता क्लॅरिओनेट-ट्रंपेटचा राहिलेला नाही. भोंग्यांनी आणि रंगीत दिव्यांनी मढवलेली आख्खी गाडी असते, तिच्यात कीबोर्डवाला बसलेला, मागे जनरेटर घरघरतोय आणि पुढे अहिराणी गाण्यावर गाव नाचतंय. बँड ठरवताना गाणी कुठली वाजवणार हे विचारायच्या आधी ‘किती वॅटचा?’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. त्यात वावगं काही नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, त्याला परतवायला ना भिंत ना छप्पर. तिथे वॅट लागतातच. घोटाळा होतो तो हाच प्रश्न आपण चपला काढून दिवाणखान्यात घेऊन येतो तेव्हा.

जळगावच्या आमच्या डॉक्टर स्नेह्यांनी विलायती स्पीकर घेतले. माणसाच्या छातीला लागतील असे उंच, सडपातळ, लाकडाच्या पोतावर हात फिरवत राहावं असे. त्यांच्या कागदावर दोन आकडे होते: सेन्सिटिव्हिटी (एका वॅटमध्ये किती आवाज) 86 डेसिबल, इंपीडन्स (करंटला किती अडथळा) 4 ओहम. मग ॲम्प्लिफायरचा शोध सुरू झाला. गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलचं काहीही मिळेल, पण या जातीचं यंत्र ऐकायचं तर मुंबई-पुण्याचीच गाडी धरावी लागते. तिथल्या खोलीत गालिचा, जाड पडदे, एसी. इथे गुळगुळीत टाइल्स, काचेचं शोकेस आणि डोक्यावर स्लॅब. तिथे ऐकलेलं इथे येईपर्यंत मनमाडलाच उतरून जातं. डॉक्टरांचा प्रश्नही अखेर तोच, बँडवाल्याला विचारायचा: ‘‘भो, किती वॅटचा घेऊ?’’

मी मल्टिमीटर काढला. स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या टर्मिनलला पिना लावल्या, एसी व्होल्टची रेंज धरली आणि डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही रोज ऐकता तेवढ्याच आवाजात किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा. आकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास खेळत राहिले. अर्ध्याचा वर्ग पाव, त्याला चार ओहमने भागा: वॅटचा सोळावा हिस्सा. रुपयातला एक आणा. एवढ्यात तो सगळा भूप, तंबोरे धरून. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी मीटर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

पण मीटर सरासरी सांगतो, आणि संगीत सरासरीत राहत नाही. तबलजीची थाप डग्ग्यावर पडते तो क्षण सरासरीच्या वीस डेसिबल वर जाऊ शकतो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. एक आण्याचे तिथल्या तिथे सहा वॅट झाले. घरात पाहुणे आले, आवाज कानाला दुप्पट वाटेल इतका चढवला, की आणखी दहापट: साठ वॅट. म्हणजे या स्पीकरला शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर ही चैन नव्हे. ते शंभर वॅट रोजच्या ऐकण्यासाठी नाहीत, थापेसाठी आहेत. थाप सोडली तर रोजचं सगळं पहिल्या वॅटच्या आतच आहे, आणि माझं ठाम मत असं की पैसे त्या पहिल्या वॅटच्या प्रतीला मोजावेत. शंभरावा वॅट कसाही वाजला तरी तो निमिषभराचा पाहुणा.

धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे देवपुरात आमचे एक आप्पा राहतात. त्यांच्याकडे हिशेबच उलटा. बंद पडलेल्या टॉकीजच्या भंगारातून त्यांनी पडद्यामागचे भोंगे उचलले, सुताराकडून खोकी करून घेतली आणि त्यांना जोडला 300बी वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. चॅनेलमागे जेमतेम आठ वॅट. ही वॉल्व्ह 1930च्या दशकातल्या अमेरिकेतली, सिनेमाघरांच्या ॲम्प्लिफायरमध्ये नाव काढलेली. तेव्हा वॅट महाग होते, म्हणून स्पीकर काटकसरी करावे लागले. आप्पांच्या भोंग्यांची सेन्सिटिव्हिटी शंभर डेसिबलच्या घरात. डॉक्टरांच्या स्पीकरपेक्षा चौदा डेसिबल जास्त, म्हणजे पंचवीसपट. डॉक्टरांना जिथे साठ वॅट लागतात तिथे आप्पांचं अडीच वॅटमध्ये भागतं. आठ वॅटमध्ये आप्पा श्रीमंत आहेत, आणि ते तसं वागतातही.

एकदा कौतुकाने त्यांनी तो डबा मांडीवर घेऊन जळगाव गाठलं. डॉक्टरांच्या स्पीकरला जोडला. हळू आवाजात नुसता गळा ऐकला तेव्हा आम्ही तिघंही गप्प झालो, इतका तो जवळचा होता. तबला सुरू झाला आणि डग्ग्याचा लगदा झाला. डॉक्टरांनी आवाज चढवला तसा ट्वीटर चरचरायला लागला. आप्पांनी पुढे होऊन बटण खाली आणलं, ‘‘डॉक्टर, जाळाल हो.’’

डॉक्टरांना हे पटेना. आठ वॅटचा डबा दीडशे वॅट पेलणारा स्पीकर कसा जाळेल? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. व्होल्टेज उतरलं की विहिरीवरची मोटर कमी नव्हे, जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. दुबळा पुरवठा दांडग्या मोटरीला खातो. ॲम्प्लिफायरची मजल संपली की तो लाटेचे शेंडे छाटतो. छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात, सरासरी ताकद फुगते आणि तो सगळा भार केसासारख्या तारेच्या ट्वीटरवर जाऊन पडतो.

इंपीडन्सचंही असंच. कागदावर 4 ओहम लिहिलेला स्पीकर सगळ्या स्वरांना चारच असत नाही. खर्जात कुठेतरी तीनच्या खालीही उतरतो, आणि तिथे करंट मागतो. म्हणून ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर घेताना दोन प्रश्न एकदम विचारावेत: 8 ओहमला किती, आणि 4 ओहमला किती? दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीजवळ असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय खरा. दोन्ही आकडे सारखेच असतील तर पुढच्या दुकानात जावं. पुण्याच्या केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि नेहमीचा वुफर एकत्र आणून स्पीकर केले, आणि वॉल्व्हचे ॲम्प्लिफायरही केले. इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा कपॅसिटरसारखा वागतो. स्वर जितका वर, तितका त्याचा इंपीडन्स खाली. खर्जात पहिलवान असलेल्या काही ॲम्प्लिफायरना तिथे टिपेला घाम फुटतो. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर एकाच घरात घडले तर ही पत्रिका आधीच जुळलेली असते.

यापुढचं मात्र कुठल्याही विलायती मासिकात छापून येत नाही, कारण ती मासिकं लिहिणाऱ्यांनी जळगावचा मे महिना पाहिलेला नाही. क्लास ए जातीचा ॲम्प्लिफायर गाणं वाजो न वाजो, सारखाच तापतो. त्याची कार्यक्षमता फार तर निम्मी. चॅनेलमागे तीस वॅटचा घेतला तर नुसतं चालू ठेवायला किमान 120 वॅट सतत उष्णता होऊन खोलीत येणार, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. बाहेर पारा 45च्या घरात असताना त्याच्या हीटसिंकच्या पात्यांवर हात ठेवून पाहावा. आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, आणि तापमान दहा अंश वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर कूलर. मार्चपासून जूनपर्यंत खानदेशात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या घरघरीत तंबोऱ्याची जवारी बुडून जाते. मग आपण आवाज चढवतो. म्हणजे उन्हाळ्यात वॅट जास्त लागतात आणि उष्णता कमी लागते.

यावर डॉक्टरांनी तोडगा काढला तो मला फार आवडला. उन्हाळ्यासाठी क्लास डी: शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, थंडगार, दिलेल्या विजेतला बहुतेक भाग स्पीकरलाच पोचवणारा. आणि दिवाळी ते होळी ट्रान्सफॉर्मरवाला जड क्लास एबी, सुरुवातीचे काही वॅट क्लास एमध्ये चालणारा. तो खोलीला जी थोडी ऊब देतो, तीही तेव्हा चालते. जानेवारीत गावात बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. खरा तंबोरा, खरा डग्गा तिथे ऐकून डॉक्टर घरी येतात आणि रात्रीच थंडीचा ॲम्प्लिफायर लावून पडताळा घेतात. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. मायक्रोफोनमधून का होईना, पण माणसासमोर बसून ऐकलेलं कान जास्त दिवस लक्षात ठेवतात.

खरं तर डॉक्टर या थंडीच्या ॲम्प्लिफायरहून दुप्पट किमतीचा घ्यायला निघाले होते. आप्पांनी आणि मी त्यांना अडवलं, कारण एव्हाना दिवाणखान्यात टाळी वाजवून पाहिली होती. ती टाइल्स, काच आणि स्लॅब यांच्यात किणकिणत राहिली. अशा खोलीत कुठलाही ॲम्प्लिफायर आणा, गळ्याला पत्र्याची धार चढणारच. आणि जिथे कापूस पिकतो त्या जिल्ह्यात यावर विलायती फोम कशाला? वाचलेल्या पैशातल्या अगदी थोड्या पैशात गादीवाल्याकडून चांगल्या जाड, गच्च भरलेल्या गाद्या करून घ्यायचं ठरलं. किती जणांना झोपायचंय, असं त्याने विचारलं. कोणालाच नाही, भिंतीवर टांगायच्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गादीवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पिंजलेला कापूस मुठीत दाबून दाखवला आणि मागाशी सांगितलेला दर चढवला.