पाच दिवस नुसते पाणी

अमेरिकेच्या लॉस एंजेलिस बंदरातून हवाई बेटांना सहलीच्या बोटी जातात. त्यांचे वेळापत्रक हाती आले तर तुम्ही बुचकळ्यात पडाल. पहिला दिवस, बंदर सोडणे. दुसरा, समुद्रात. तिसरा, समुद्रात. चौथा, पाचवाही समुद्रातच. मग कुठे हिलो नाही तर होनोलुलू बंदर. परतताना पुन्हा तोच पाढा. दोन आठवड्यांच्या सहलीत आठ-नऊ दिवस जमीन दिसत नाही. तुम्ही म्हणाल, एवढे पैसे मोजून माणसे पाणी बघायला जातात की काय?

पहिले कारण साधे आहे. वाटेत गावच नाही. लॉस एंजेलिस ते होनोलुलू हे अंतर सुमारे २,२०० सागरी मैल, म्हणजे ४,१०० किलोमीटरच्या आसपास. आपला सबंध देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर भरतो. त्याहून लांबची ही वाट, आणि मध्ये टेकायला एक बेटसुद्धा नाही. बोट तासाला पस्तीस-सदतीस किलोमीटर चालते. वेग काही फार नव्हे, पण ती रात्रंदिवस चालते. तरी साडेचार-पाच दिवस लागतातच.

मग जोरात का हाकत नाहीत? इथे डिझेलचा हिशेब येतो, आणि तो तुम्हाला सांगायला नको. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला वेग वाढवणे फार महागात पडते. ठोकळमानाने, वेग दीडपट केला तर इंजिनाला सव्वातीन पटींहून अधिक जोर लावावा लागतो. वेळ एक तृतीयांश वाचतो, पण तेवढ्याच वाटेला तेल सव्वादोन पट जळते. बोटवाल्याला ते कसे परवडावे? त्यापेक्षा उतारूंना गाणी, नाटके, पोहण्याचा हौद आणि पंगतीवर पंगती देऊन रमवणे स्वस्त पडते.

शिवाय बंदराला लागले की बंदराचे शुल्क आलेच. भर समुद्रात ते नाही. उलट गिऱ्हाईक घरातच कोंडलेले! बोटीवरची बिनजकातीची दुकाने आणि जुगाराचे टेबल बंदरात सहसा बंद ठेवावे लागते. हवाई राज्यात तर जुगाराला कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा या धंद्याची सुगी वाटेतल्या दिवसांतच. 'आरामाचा दिवस' असे जाहिरातीत छापतात, ते अर्धेच खरे.

एक गंमत कायद्याचीही आहे. यातल्या बहुतेक बोटी बहामा, बर्म्युडा, पनामा अशा देशांत नोंदवलेल्या असतात. अमेरिकेच्या १८८६ सालच्या कायद्याप्रमाणे अशा परक्या झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्याच बंदरांतून फिरून यायचे तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावे लागते. म्हणून परतताना ती मेक्सिकोच्या एन्सेनाडाला टेकते, कधी काही तासांपुरतीच. 'प्राइड ऑफ अमेरिका' ही बोट अमेरिकेच्याच झेंड्याची. ती होनोलुलूहून निघून बेटाबेटांत फिरते. बेटे जवळजवळ, रात्रीत पुढचे बंदर येते. तिला एन्सेनाडाचे बंधन नाही आणि तिच्यावर जुगारही नाही.

आता ज्यांचे या बोटींवर पोट आहे त्यांच्याकडे पाहू. गोव्यातली, कोकणातली, मुंबईची पुष्कळ मुले परदेशी बोटींवर स्वयंपाकघरात, वाढपात, खोल्यांच्या साफसफाईत आहेत. उतारूंचा आरामाचा दिवस तो यांचा मरमर कष्टाचा. बंदर आले की उतारू खाली उतरतात आणि पंगत हलकी होते. समुद्रात दोन-तीन हजार माणसे तिन्ही त्रिकाळ बोटीवरच जेवतात. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. त्यातही घड्याळाचा खेळ असतो. हवाईकडे जाताना काही रात्री घड्याळ तासाने मागे घेतात, तेव्हा झोप वाढते. परतताना तेवढेच तास कापले जातात, आणि सकाळची न्याहारी तर वेळेवरच मांडायची असते.

तुमच्या घरातले कुणी अशा नोकरीच्या खटपटीत असेल, तर एवढे ध्यानात असू द्या. भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला त्याच कराराने बंदी आहे. त्यासाठी शेत गहाण टाकू नका. आणि तो बोटीवर गेलाच, तर पाच-पाच दिवस निवांत बोलणे झाले नाही म्हणून आईने घोर लावून घेऊ नये. बोटीवर उपग्रहावरून इंटरनेट मिळते, पण कामातून फुरसत मिळायला हवी. होनोलुलूच्या धक्क्यावर रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्या सुमाराला फोन शेतावर बरोबर न्यावा.