नवलकोल आणि नागली

सॉफ्टवेअरची लायब्ररी लिहिणारा माणूस तिच्या आतल्या रचनेवर महिनोन्महिने घालवतो. वापरणारा ती रचना उघडूनही बघत नाही. तो सरळ 'एक्झाम्पल्स' नावाच्या फोल्डरमध्ये शिरतो, आपल्या कामाच्या जवळपासचा एक प्रोग्रॅम उचलतो, चालवून बघतो आणि त्यातला मजकूर पुसून स्वतःचा भरायला लागतो. माहितीपुस्तिका नंतर, आणि तीही अडलं तरच. हे फोल्डर भरणं हे माझं काम. टर्मिनलवर चालणारे प्रोग्रॅम उभे करायच्या एका लहानशा लायब्ररीसाठी मी उदाहरणं लिहितो. राहतो पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला. असलं काम कुठूनही करता येतं म्हणतात. येत असेल, पण जव्हारहून केलं की ते वेगळं होतं.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी. तिच्यात चित्र नाही, माऊसची फारशी गरज नाही, नुसत्या अक्षरांच्या ओळी. याद्या, तक्ते, चौकटी, आलेख, सगळं अक्षरांनीच उभं करायचं. पायथनवाल्यांसाठी टेक्स्चुअल आहे, रस्टवाल्यांसाठी रॅटाटुई, गो भाषेत बबल टी, आणि या सगळ्यांची आजी म्हणावी अशी सी भाषेतली एनकर्सेस. एनकर्सेसच्या चाचणी-प्रोग्रॅमांत 'रेन' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आजही आहे. त्याच्या माथ्यावरच्या टिपेत १९८० साल आहे. पडद्यावर कुठेतरी एक टिंब उमटतं, त्याचं छोटं वर्तुळ होतं, मग मोठं, मग चारी बाजूंना फुटलेली लाट, मग काही नाही. तोवर दुसरीकडे पुढचा थेंब पडलेला असतो. बस, एवढंच. जव्हारच्या जुलैत बसून हा प्रोग्रॅम बघताना हसू येतं, कारण बाहेरचा पाऊस असा एकेक थेंब मोजून पडत नाही.

पण 'रेन' शिकवतो ती गोष्ट मोलाची आहे. सगळा पडदा पुन्हा रंगवायचा नाही, जिथे बदल झाला तेवढीच अक्षरं पाठवायची. त्या काळच्या ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ३० अक्षरं जायची. पडदा ८० रकान्यांचा आणि २४ ओळींचा, म्हणजे १,९२० घरं. पूर्ण भरायला मिनिटाहून जास्त. आज शेजारच्या मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाताना फोनवर नेटवर्कची एखादीच काडी उरते, तेव्हा दूरच्या सर्व्हरवरचा टर्मिनल-प्रोग्रॅम रखडत का होईना चालतो आणि वेबपान उघडत नाही, ते याच काटकसरीमुळे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. तरी अख्खा पडदा काही हजार बाइटांत बसतो.

बबल टीच्या अगदी पहिल्या धड्यात बाजाराची यादी आहे. गाजर, सेलरी, नवलकोल. बाणाच्या कळीनं वर-खाली व्हायचं, हवं त्यावर खूण करायची, क्यू दाबून बाहेर. हे उदाहरण मला मनापासून आवडतं. तीन वस्तू, एक कर्सर, एक खूण. दाखवायला आणखी शंभर गोष्टी हाताशी असताना लिहिणाऱ्यानं हात आखडला, हे सोपं नसतं. पण मोखाड्याच्या पोराला सेलरी काय ते आधी विचारावं लागतं, आणि त्याचं लक्ष नको तिथे जातं. म्हणून मी यादी बदलली. नागली, वरई, खुरासणी.

बदल केला आणि यादीभोवतीची चौकट मोडली.

टर्मिनलची मांडणी घरांच्या जाळीवर असते. अक्षराला एक घर, चिनी-जपानी अक्षराला दोन. कुठल्या अक्षराला किती घरं, हे सांगणारं फंक्शन म्हणजे डब्ल्यूसीविड्थ. मार्कुस कून यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती असंख्य प्रोग्रॅमांनी उचलली. देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही अक्षराच्या वर-खाली बसणारी मंडळी शून्य घरं घेतात, यावर बहुतेकांचं एकमत आहे. भांडण आहे ते काना, वेलांटी आणि ओकाराचं. युनिकोडच्या वर्गवारीत ही जागा घेणारी जोडचिन्हं आहेत. म्हणून कुणी त्यांना स्वतंत्र घर देतो, तर कुणी आधीच्या व्यंजनातच धरतो. पायथनमधल्या याच नावाच्या लायब्ररीनं तर अलीकडच्या आवृत्त्यांत मतच बदललं. लायब्ररीनं मोजलं एक, टर्मिनलनं रंगवलं दुसरं, की उजवीकडची उभी रेघ सरकलीच.

हे नीट दाखवायला मला तक्ता हवा होता आणि तो घरातच मिळाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे आठ तालुके. जव्हार एका हिशेबानं ४ घरं, दुसऱ्यानं ५. पालघरही ४ किंवा ५, डहाणू ३ किंवा ४, विक्रमगड ६ किंवा ७, वाडा २ किंवा ४, तलासरी ४ किंवा ६. मोखाडा ३ किंवा ६, कारण प्रत्येक व्यंजनाला काही ना काही चिकटलेलं. आठांत दोन्ही हिशेबांनी सारखं निघणारं नाव एकच, वसई. वसईला समुद्र आहे, रेल्वे आहे, आणि आता सरळ रेघही आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या सी-डॅकनं, जी संस्था १९८८ मध्ये सुरू झाली, जिस्ट कार्ड बाजारात आणलं तेव्हा डॉसच्या मजकुरी पडद्यावर मराठी दिसायला लागलं. मूळ काम आयआयटी कानपूरमधलं, मोहन तांबे यांचं. अक्षरांची जुळणी कार्डातच होत असे. इस्की ही संकेतावली १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाचं भारतीय प्रमाणक झाली. म्हणजे काळ्या पडद्यावर देवनागरी ही पस्तीसेक वर्षांपूर्वी रोजच्या वापरातली गोष्ट होती. आज ती लायब्ररीच्या उदाहरणांत दिसत नाही, याचं कारण तांत्रिक कमी आणि सवयीचं जास्त आहे असं माझं मत आहे. उदाहरणं लिहिणाऱ्यांच्या बाजारात नवलकोल मिळतो.

आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात, त्यात भात पेरतात आणि आवणीला तीच रोपं उपटून सगळ्या खाचरांत लावतात. उदाहरण हे राबातलं रोप आहे. ते लिहिणाऱ्याच्या पडद्यावर राहत नाही. त्यात जी उणीव ठेवाल ती शंभर जणांच्या शेतात उगवते, आणि त्या शंभरांना ती कुठून आली हेही कळत नाही.

म्हणून मी काही गोष्टींवर अडून बसतो. पहिली, बाहेर पडण्याची वाट. असा टर्मिनल-प्रोग्रॅम सुरू झाला की तो टर्मिनलला कच्च्या अवस्थेत नेतो, ज्याला 'रॉ मोड' म्हणतात. दाबलेली कळ आपोआप पडद्यावर उमटत नाही आणि कंट्रोल-सी दाबलं तरी प्रोग्रॅम मरत नाही, कारण तीही त्याला इतर कळांसारखीच एक कळ म्हणून मिळते. अशात प्रोग्रॅम मध्येच कोसळला आणि जाताना टर्मिनल पूर्ववत केलं नाही, तर मागे राहते एक मुकी खिडकी. टाइप करा, काही दिसत नाही. जाणकार न बघता 'रीसेट' टाइप करतो आणि पुढे जातो. पहिल्यांदाच बसलेल्या मुलाला वाटतं, आपण यंत्र बिघडवलं. इथे ते यंत्र बहुधा दुसऱ्याचं असतं, आणि ती भीती पुढे फार दिवस टिकते. रॅटाटुईत कोसळल्यावर टर्मिनल कसं सावरायचं याचं वेगळं उदाहरण होतं, 'पॅनिक' नावाचं. पुढे लायब्ररीच्या सुरुवातीच्या फंक्शननंच तो भार उचलला. हे उत्तम झालं. सुरक्षितता वेगळ्या उदाहरणात ठेवली की ती कुणी उचलत नाही, लोक फक्त 'हॅलो वर्ल्ड' उचलतात.

दुसरी गोष्ट कळांची. उदाहरणांत क्यू म्हणजे बाहेर, जे म्हणजे खाली, के म्हणजे वर, अशी रीत आहे. त्यातले जे-के ही 'व्हीआय' या जुन्या संपादकाची कृपा. पण नावं मराठीत टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक चालू असेल तर क्यूच्या जागी औकार उमटतो, जेच्या जागी र, केच्या जागी क. पोरगं क्यू दाबत राहतं आणि प्रोग्रॅम औकार गोळा करत राहतो. माझ्या उदाहरणांत बाहेर पडायला एस्केप असतो आणि खालच्या ओळीत तसं मराठीत लिहिलेलंही असतं. कर्सर डावीकडे नेताना तो 'क्ष'च्या पोटात अडकू नये हेही बघावं लागतं. अशी जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम युनिकोडनं १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये घातला, त्यामुळे निदान बोट दाखवायला जागा झाली. पुसताना मात्र मी एकेक चिन्हच पुसतो. मराठी लिहिणाऱ्याला वेलांटी चुकली तर वेलांटीच पुसायची असते, आख्खं अक्षर नाही.

तिसरी, रुंदी. इथल्या मुलांकडे लॅपटॉप क्वचित, अँड्रॉइड फोन असतो. टर्मक्स नावाचं ॲप टाकलं की फोनवर खरंखुरं टर्मिनल मिळतं, पायथन चढवता येतं आणि उदाहरणं चालतात. फक्त पडदा उभा, रकाने ४०-५०. ऐंशी रकाने गृहीत धरलेला तक्ता तिथे चिंध्या होतो. लिहिणाऱ्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, फोनवर कोण चालवतं? मोखाड्यात चालवतात. मी प्रत्येक उदाहरण आधी फोनवर उभं धरून चालवतो, मग मोठ्या पडद्यावर.

टेक्स्चुअलच्या उदाहरणांत एक शब्दकोश आहे. शब्द टाइप करता करता तो इंटरनेटवरून अर्थ आणतो. शिकवायची गोष्ट रास्त आहे, की उत्तराची वाट बघताना पडदा गोठता कामा नये. पण पावसाळ्यात वीज गेली की इथे तिच्यामागोमाग नेटवर्कही जातं, मग शिकणाऱ्याच्या हाती काय? याच धर्तीचं उदाहरण मी लिहिलं ते शेजारच्या फाइलमधून वाचतं. उशीर मुद्दाम घातलेला आहे आणि अधूनमधून अपयशही, म्हणजे 'जोडणी नाही, पुन्हा प्रयत्न करा' हा पडदा कसा रंगवायचा तेही त्याच फाइलमध्ये शिकता येतं. बहुतेक उदाहरणांत सगळं नेहमी यशस्वी होतं. असं जग मी पाहिलेलं नाही.

आता थोडं देखाव्याबद्दल. टर्मिनलवर चित्र काढायची एक गमतीशीर युक्ती आहे, ब्रेल लिपीची. एका घरात दोन बाय चार असे आठ ठिपके बसतात, म्हणजे ८० बाय २४ च्या पडद्यावर १६० बाय ९६ ठिपक्यांचा कागद मिळतो. त्यावर मी तारपा नाच काढलाय. मधे तारपकरी, भोवती गुंडाळत जाणारी माणसांची साखळी, वारली चित्रात असतात तसे दोन त्रिकोणांचे देह, आणि साखळी फिरतेही. कुणालाही दाखवलं की माणूस खूश होतो, आणि फोल्डरमध्ये मी तो ठेवलेला नाही. तो देखावा आहे, त्यातून कुणाला काही उचलता येत नाही. लायब्ररीच्या पहिल्या पानावर देखावा जरूर असावा, पण एक्झाम्पल्समध्ये देखावे भरले की नवखा माणूस त्यात हरवतो आणि यादी कशी करायची ते शोधतच बसतो.

आणखी एक प्रश्न माहितीचा. तक्त्यासाठी खरीखुरी माहिती हवी म्हटल्यावर कुणीतरी सुचवलं, अंगणवाडीतल्या मुलांची वजनं घाला, तेच तर इथलं खरं काम. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालमृत्यू झाले तेव्हापासून जव्हारचं नाव बाहेर बहुतेक त्याच संदर्भात घेतलं जातं, म्हणून सूचना साहजिक होती. मी नाही म्हटलं. नावं काढून टाकली तरी पाड्याचं नाव, वय आणि वजन एवढ्यावरून मूल ओळखू येतं, आणि उदाहरणाबरोबर त्यातली माहितीही जगभर कॉपी होते, परत बोलावता येत नाही. तालुक्यांची नावं आणि पिकांची यादी पुरेशी आहे. तक्ता तक्ताच शिकवतो.

अशी लायब्ररी लिहिणाऱ्या किंवा वापरणाऱ्या मराठी माणसांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या हाताशी जी कुठली असेल तिचं तक्त्याचं उदाहरण काढा, पहिल्या रकान्यात 'मोखाडा' लिहा, फोन उभा धरा, डेटा बंद करा आणि चालवा. रेघ सरकली तर लायब्ररीच्या लेखकांना कळवा. दुरुस्ती पाठवता येत नसेल तर नुसता स्क्रीनशॉट पाठवा, आणि खाली लिहा की हे एका तालुक्याचं नाव आहे.