मोजकंच सोडणारी

अंगकाठी चौकोनी. चारी बाजूंना लाकडी पट्ट्या, मध्ये ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड. काम नसलं की भिंतीला टेकून उभी राहते, काम निघालं की बिजागरीने टेबलाला बांधून घेते. जबलपूरच्या लहान स्क्रीन-प्रिंटिंगच्या छापखान्यात कारागीर हाक मारतो, ‘‘भैया, फ्रेम लाओ,’’ आणि मालक मराठी असला तरी उत्तर हिंदीतच देतो. या गावात बाजाराची बोली ती, मराठी उंबरठ्याच्या आत. फ्रेमला दोन्ही सारख्याच. तिने लग्नपत्रिका छापल्या, दुकानांच्या पाट्या छापल्या, शाळेच्या बिल्ल्यांवर नावं उमटवली, आणि एवढं करून स्वतः नेहमी शाईने बरबटलेलीच राहिली.

तिचा सगळा स्वभाव तिच्या भोकांत आहे. अंधाऱ्या खोलीत कापडावर इमल्शनचा थर ओढून वाळवतात, त्यावर काळ्या अक्षरांची पॉझिटिव्ह ठेवून उजेड देतात. उजेड लागला तिथे इमल्शन कडक होतं. काळ्याखाली ते मऊ राहतं आणि पाण्याच्या धारेने धुऊन जातं. एवढा संस्कार झाला की तिच्याजवळ दोनच उत्तरं उरतात, ‘जा’ आणि ‘थांब’. वर शाई ओतायची, रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, तिरकी धरून एका दमात ओढायची. त्या क्षणापुरतं कापड खाली टेकतं आणि पट्टी पुढे सरकताच उचललं जातं. हा जरासा दुरावा तिला लागतोच. चिकटून राहिली की अक्षर फुगतं.

लहरीही आहेच. जबलपूरच्या मे महिन्यात शाई तिच्या भोकांतच वाळते, मग ती काही सोडत नाही. कारागीर चिंधीवर थिनर घेऊन तिची मनधरणी करतो. पावसाळ्यात उलटं. हवा ओली, इमल्शन वाळत नाही, आणि धुवायला घेतलं की अक्षरासकट सगळंच निघून येतं. दाब किती द्यायचा, पट्टी किती तिरकी धरायची, हे पुस्तकातून कळत नाही. तिच्याशी जमवून घेतलेला हात लागतो.

घराणं जुनं. जपानी कापडरंगाऱ्यांचे कातरलेले कागदी साचे तिचे पूर्वज. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने 1907 साली रेशमी कापडातून छापण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. पण तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं ते युद्धात. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना जबलपूरशेजारी उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात; त्याच युद्धात अमेरिकेतल्या सेंट्रालॅब कंपनीत ही बाई चिनी मातीसारख्या पांढऱ्या चकत्यांवर चांदीच्या शाईने रेघा ओढत होती. लक्ष्याजवळ पोचताच आपणहून फुटणारा तोफगोळा हवा होता. त्याच्या टोकात बसेल एवढं रेडिओचं सर्किट तारा जोडून करणं फार कष्टाचं; मग तारांच्या जागी चांदीची रेघ छापली, रेझिस्टरच्या जागी कार्बनची. आजवर ती जे छापत होती ते वाचायचं असे. आता तिने छापलेल्या रेघेतून वीज वाहू लागली.

हा गुण तिच्यात कुठून आला? ती थर जाड घालते म्हणून. ऑफसेटची शाई कागदावर मायक्रॉन-दोन मायक्रॉन बसते. हिची दहा-वीस मायक्रॉन सहज. अक्षराला एवढ्या जाडीची गरज नसते, विजेला असते.

मोठी नोकरी तिला सूर्याने दिली. 1970च्या दशकात सौरसेल स्वस्त करायची धडपड चालली होती. निर्वात पेटीत धातूची वाफ बसवण्याची जुनी रीत उपग्रहांना परवडे, घराच्या छताला नाही. तेव्हा हिला बोलावलं. कारखान्यात गेल्यावर तिने वेश बदलला. लाकूड जाऊन अॅल्युमिनियमची चौकट आली, कापडाच्या जागी माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक अशा स्टीलच्या तारेची जाळी. मे नाही, पावसाळा नाही. हवेचा ओलावासुद्धा मोजूनमापून. शाई म्हणजे चांदीची भुकटी, थोडी काचेची पूड आणि चिकट द्रव. ओढताना ही पेस्ट पातळ होते, थांबताच घट्ट. छापून झालं की सेल भट्टीतून जातो. काही क्षण आठशे अंशांच्या आसपास ताप लागतो, तेवढ्यात वितळलेली काच सेलवरचा निळसर थर खाऊन चांदीला खालच्या सिलिकॉनपर्यंत वाट करून देते.

इथे तिची खरी परीक्षा. रेघ रुंद केली तर तिच्या सावलीने ऊन अडतं. अरुंद केली तर विजेची वाट कोंडते. म्हणून रेघ अरुंद हवी आणि उंच हवी. पूर्वी शंभर मायक्रॉनहून रुंद असलेली रेघ तिने आता तीसच्या आसपास आणून ठेवली आहे. जबलपूरहून कटनी, मैहर करत रीव्याला गेलं की पुढे गुढचा 750 मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. 10 जुलै 2020 रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला आणि त्याची वीज दिल्लीच्या मेट्रोलाही जाते. एवढी पॅनेलं पाहून डोळे दिपतात, रेघा कुणी ओढल्या हे कुणी विचारत नाही. जगात बनणाऱ्या बहुतेक सिलिकॉन सेलवरची चांदी आजही हिच्याच हातची.

छोटी कामं तिने सोडलेली नाहीत. रक्तातली साखर तपासायच्या पट्टीवरचे कार्बनचे इलेक्ट्रोड तिचे. मोटारीच्या मागच्या काचेवरचं दव घालवणाऱ्या तांबूस रेघा तिच्या. मायक्रोवेव्हच्या सपाट बटणांखालची सर्किटं तिची. इंजिनियरिंगच्या मुलांनी तांब्याच्या पत्र्यावर तिच्याकडून रेघा छापून घेतल्या आणि फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या पाण्यात पत्रा बुडवून सर्किट केलं.

तिला अमर मात्र समजू नये. सौरसेल चांदी फार खातात. जगातल्या चांदीच्या मागणीत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला आहे आणि चांदी महाग होतेच आहे. चांदीऐवजी तांब्याचा मुलामा चढवायची रीत कारखान्यांत स्थिरावली तर या नोकरीवर गदा येईल. पत्रिकांचं काम तर डिजिटल छपाईने आणि मोबाइलवरच्या निमंत्रणांनी कधीच पळवलं.

पण हिच्याशी जमवून घेतलेले हात अजून गल्लीबोळांत आहेत. जाळीचा ताण बोटाने ओळखणारे, शाई किती घट्ट आहे ते पट्टी ओढताच सांगणारे. जबलपुरात 1947 पासूनचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज आहे, 2005 मध्ये आलेली ट्रिपल आयटी आहे. सेन्सर आणि नव्या जातीचे सौरसेल छापायला प्रयोगशाळेत लागते ती हीच फ्रेम, हीच पट्टी. तिथल्या प्राध्यापकांनी एखाद्या पत्रिकावाल्या कारागिराला आठवड्यातून एक दिवस बोलावावं, मुलांसमोर फ्रेम धरायला लावावी आणि त्याचं मानधन चोख द्यावं. दोघांचंही भलं होईल.