गिरणगावातील दस्तरख्वान

मुंबईत अलीकडे जेवणाची एक नवी तऱ्हा चांगलीच रूढ झाली आहे. प्रत्येकाने आपले ताट मागवायचे नाही. लहान लहान बशांतून चार-सहा पदार्थ मागवायचे, ते टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि सर्वांनी मिळून थोडे थोडे चाखायचे. याला 'स्मॉल प्लेट्स' म्हणतात. स्पेनमधील तापास आणि तुर्कस्तान-लेबनॉनकडील मेझे हे या पद्धतीचे वडीलधारे. मेझे हा शब्द मूळ फारसी, अर्थ चव. हाच शब्द आपल्या मराठीत 'मजा' होऊन कधीचा येऊन बसला आहे. म्हणजे नाते जुने आहे. भाव तेवढा वाढला आहे.

आमच्या भाच्याला मुंबईत नोकरी लागली. पहिल्या पगारातून नानीला अशाच एका ठिकाणी जेवायला न्यायचे, असा त्याचा हट्ट होता. अम्मींचे वय पंचाहत्तरच्या पुढे. खेडहून निघताना त्यांनी एवढेच विचारले, "तिथे आपल्याला चालेल असे काही मिळेल ना?" खरे तर अशा ठिकाणी पाऊल टाकताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न असतो, आणि तो मोठ्याने विचारायचा संकोचही असतो.

ठिकाण लोअर परळला होते. स्टेशनबाहेर पडले की काचेच्या उंच इमारती दिसतात आणि त्यांच्या मधूनच एखादी जुनी गिरणीची चिमणी डोके वर काढते. हे गिरणगाव. मुंबईतील पहिली कापड गिरणी 1850च्या दशकात ताडदेवला सुरू झाली आणि पुढे शंभरावर वर्षे या भागाचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चालले. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. त्यांच्या आवारांत आज मॉल आहेत, कचेऱ्या आहेत आणि अशी उपाहारगृहे आहेत.

आमचे अब्बा त्या अडीच लाखांतले एक. याच रस्त्यावरच्या एका गिरणीत ते साचेवाले होते. दहा-बारा जणांत एक खोली आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवण. घरी दरमहा दीडशे रुपयांची मनीऑर्डर यायची, तिच्यावर आम्ही पाच भावंडे वाढलो. गिरणगावातल्या बहुतेक खानावळी बायका घरातूनच चालवीत. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. अब्बांनी मुंबईत काय खाल्ले, कसे खाल्ले, हे अम्मींनी कधी पाहिले नव्हते. त्यांचे राहणे गावीच झाले.

आम्ही मुद्दाम दुपारची वेळ घेतली होती, कारण संध्याकाळी अशा ठिकाणी मद्याचीच गर्दी अधिक असते. दुपारी ती नव्हतीच असे नाही. पलीकडच्या एका टेबलावर पेले होते. आम्हाला कोपऱ्यातले, भिंतीलगतचे टेबल मिळाले. जिथे मद्य मिळते तिथे बसूच नये, असे मानणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. ज्यांना जायचे आहे त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून जावे, एवढेच आमचे म्हणणे.

वेटर साताऱ्याकडचा मुलगा होता. भाचा इंग्रजीत बोलू लागला, तोच अम्मींनी सरळ मराठीत विचारले, "बाळा, मटण-कोंबडी हलाल आहे का?" तो आत जाऊन आला. मांस हलाल पुरवठादाराकडून येते, असे त्याने सांगितले. मग आम्ही पुढचे प्रश्न विचारले. डुकराचे पदार्थ याच स्वयंपाकघरात होतात का? तळणी वेगळी असते का? रश्शात वाइन घालतात का? गोड पदार्थांत जिलेटिन असते का? मुलगा पुन्हा आत गेला. परत येऊन त्याने प्रामाणिकपणे सांगितले की तळणी एकच आहे, दोन रश्शांत वाइन पडते आणि एका गोडात जिलेटिन आहे. भाच्याचा चेहरा उतरला. अम्मी मात्र म्हणाल्या, "मग मासे आणि भाजी खाऊ. कोकणातल्या माणसाला त्यात काय कमी?" आम्ही शाफई, तेव्हा कोळंबीचाही प्रश्न नव्हता. न तळलेल्या सात बशा आणि दोन सरबते मागवली. वेटरने आमची मागणी स्वतः आत जाऊन बजावली. विचारल्याने कोणी नाक मुरडले नाही. इतर लोक शेंगदाण्याचे, दुधाचे पथ्य सांगतात तसेच आमचेही लिहून घेतले गेले.

बशा येऊ लागल्या. बोटभर सांदणावर कोळंबी, नीर डोशाच्या चकतीवर सुरमई, भाजलेल्या बिटाची कोशिंबीर, सोलकढीचा नुसता फेस. अम्मींनी फेस चमच्यावर घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "कढी कुठे गेली?" चव मात्र चोख होती, ती त्यांनीही कबूल केली. अडचण वेगळीच निघाली. बहुतेक बशांत नग तीन आणि आम्ही चार! जेवण मिळून खाण्याचे, पण वाटणी जमेना. अम्मींनी चमचा हातात घेतला आणि सुरमईचे तीन तुकड्यांचे चार वाटे केले. मोठा वाटा भाच्यापुढे सरकवला. पुढच्या प्रत्येक बशीला तेच. बोहरा बांधवांकडे एका थाळाभोवती सात-आठ जण बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात करतात आणि थाळात दाणा उरू देत नाहीत. तिथेही वाटणी मोजून केलेली नसते. ज्याचा त्याला अंदाज असतो.

बिल आले 4,760 रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी आणि दहा टक्के सर्व्हिस चार्ज. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नव्हे, तो देणे न देणे ग्राहकाच्या खुशीवर आहे. भाच्याने विचारताच तो काढला गेला आणि 4,998 रुपये भरले. वेटरला त्याने वेगळे काही दिले. अम्मींनी आकडा विचारला. आम्ही सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या नानांची तीन वर्षांची मनीऑर्डर झाली." भाचा कावराबावरा झाला, तेव्हा त्यांनीच त्याला जवळ घेतले. "तुझ्या कमाईचे आहे, हलाल आहे. आज खाल्ले, उद्या जपून वाग."

महागाईची टीका करणे सोपे आहे, आणि ती खोटीही नाही. पण उठताना आमच्या टेबलावर एकही कण शिल्लक नव्हता, हेही खरे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. गेल्या हिवाळ्यात एका वलीम्यात आम्ही जेवलो. ताटांत बिर्याणीचे डोंगर आणि मांडवामागे खरकट्याचे पिंप. ज्यांच्यासाठी अन्न ही केवळ मौज आहे, त्यांच्या टेबलावर नासाडी नाही. आणि ज्यांना नासाडीचा जाब द्यावा लागेल असे शिकवले आहे, त्यांच्या मांडवात पिंप भरते. याचा विचार आपण करायला हवा.

शव्वालमध्ये आमच्या घरी एक निकाह आहे. अम्मींनी वाढप्यांना आताच निरोप धाडला आहे: पहिल्या फेरीला अर्धेच वाढा, दुसऱ्यांदा आग्रहाने विचारा, आणि डेगेत उरेल ते गरम असतानाच वस्तीत पोहोचवा. ताटे नेहमीपेक्षा लहान मागवली आहेत. पाहुण्यांना ते लक्षातही येणार नाही, असा त्यांचा अंदाज आहे.