आधी थांबण्याची सोय

आमच्या दारात अब्बांची जावा उभी आहे. 250 सीसीची, म्हैसूरच्या कारखान्यातली. अब्बांनी ती 1971 साली घेतली. मागे कापडाचे गठ्ठे बांधून ते वडीगोद्रीहून अंबड, शहागड, गेवराईच्या बाजारांना जायचे. रात्री परतल्यावर गाडीची काही कुरकुर असली की कंदील नाहीतर बॅटरी धरायला मी उभी असायची. अब्बांचं निधन झाल्यावर भाईजाननी गाडी माझ्या दारात आणून लावली. म्हणाले, "उजेड तूच धरायचीस ना? आता सांभाळही तूच."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विजेचं मला फारसं कळत नाही. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो म्हणाला, "अम्मी, नानांची गाडी मी ट्रॅकवर पळवणार. मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. फक्त वायरिंग कमी करावं लागेल."

माझ्या पोटात गोळाच आला. पण नाही म्हटलं असतं, तर त्याने मित्राच्या घरी जाऊन तेच केलं असतं. म्हणून मी म्हटलं, "कर. पण माझ्यासमोर, आणि प्रत्येक तार कशाची आहे ते मला सांगून."

अंगणात चटई टाकली. त्याने वहीत आकृती काढली. या गाडीला सहा व्होल्टची बॅटरी असते. इंजिन फिरलं की डायनामो ती चार्ज करतो, आणि रेग्युलेटर ते चार्जिंग आवरतो. बॅटरीतून एक वाट मोठा दिवा, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि हॉर्नकडे जाते. दुसरी वाट कॉइलकडे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो, पॉइंट उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंट जळू नयेत आणि ठिणगी जोरकस पडावी, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.

"म्हणजे पळण्यापुरती दुसरी वाटच लागते," मी म्हटलं.

"बरोबर. बॅटरी, फ्यूज, स्विच, कॉइल, पॉइंट-कंडेन्सर, प्लग. बास. डायनामोचं चार्जिंगही नको. छोटी बॅटरी घरून चार्ज करून न्यायची."

"आणि मध्येच संपली तर?"

त्याने मल्टिमीटरने कॉइल मोजली. दीड ओहम. सहाला दीडने भागलं, चार अँपिअर. पॉइंट उघड-मीट करतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच करंट लागतो. पण सतत चार धरले, तरी चार अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर तासभर पुरते. त्याची फेरी पंधरा मिनिटांची. हा हिशेब मलाही पटला. एक गोष्ट मात्र त्याने मला बजावून सांगितली: इंजिन बंद असताना चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

मी मुलांना सारांश लिहायला शिकवते. पहिल्या दिवशी मुलं काय करतात? एक ओळ ठेवतात, एक ओळ खोडतात. काय गाळायचं हे कळायला आधी पूर्ण उतारा समजावा लागतो, हे त्यांना सांगताना माझी वर्षं गेली. म्हणून मी अट घातली, एकही तार कापायची नाही. मूळ वायरिंग किट टोकापासून टोकापर्यंत सोडवून काढायची, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावायची. चिठ्ठ्या मी लिहिल्या: 'हॉर्न', 'मागचा दिवा', 'ब्रेक'. अब्बांनी कुठे कुठे हाताने टेप गुंडाळलेली होती, तीही तशीच ठेवली. सगळं बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवलं. ट्रॅकसाठी नवी छोटी वायरिंग वेगळी बनवली. चॅसीवरचा रंग खरवडून अर्थ पक्का केला, पत्र्याला तार घासेल तिथे रबर घातलं, हँडल पूर्ण वळलं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. संध्याकाळी दोन किकमध्ये गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून मी आत निघून गेले. डोळे पुसायचे होते.

चार दिवसांनी मगरिबची नमाज झाली तरी मुलगा घरी नव्हता. गाडीही नव्हती. "पेट्रोल भरून आलोच," एवढंच धाकटीला सांगून गेला होता. आमच्या गावातून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. उसाचा हंगाम होता, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकींना मागे साधा लाल दिवासुद्धा नाही. आणि माझं लेकरू त्या रस्त्यावर दिवा, हॉर्न, मागची लाल खूण, काहीच नसलेल्या गाडीवर. दिवे काढताना चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या.

तो आला. मोबाईलची बॅटरी लावून दातांत धरलेली. मी ओरडले नाही. हात पुढे केला, त्याने चावी दिली. रात्री जेवताना तोच म्हणाला, "अम्मी, एक ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही." पुढे कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, ही वायरिंग असेपर्यंत गाडी रस्त्यावर चाकांवर जाणार नाही. टेम्पोतून जाईल, टेम्पोतून येईल. दिव्याशिवाय ती रस्त्यावर आणणं कायद्यालाही मान्य नाही, आणि मला तर नाहीच. दुसरी गोष्ट मला त्याच्याच बोलण्यातून सापडली. मूळच्या चेक जावाच्या नावाने स्पीडवे शर्यतीच्या गाड्या निघतात, त्या जगभर प्रसिद्ध आहेत. 500 सीसीच्या, दिवा नाही, हॉर्न नाही, गिअर एकच, आणि ब्रेकसुद्धा नाही! पण स्वाराच्या मनगटाला एक दोरी असते. तो पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद होतं.

"ब्रेक काढणाऱ्यांनीही दोरी ठेवलीय," मी म्हटलं, "आणि तुझ्या आकृतीत ती कुठे आहे?"

तो गप्प झाला. आकृतीत पळण्याची प्रत्येक गोष्ट होती. थांबण्यासाठी एकटी चावी, आणि पडलेल्या माणसाचा हात चावीपर्यंत पोचत नाही.

मग हँडलवर दोरीचा स्विच आला. दोरी निघाली की कॉइलचा करंट तुटतो. आमच्या गाडीत हे सोपं होतं, कारण करंट बॅटरीतून येतो आणि तार कशानेही तुटली तरी इंजिन बंदच पडतं. मॅग्नेटोच्या गाड्यांत उलटं असतं. तिथे इंजिन बंद करायला तार अर्थला टेकवावी लागते, आणि तीच तार तुटली तर इंजिन स्विचला जुमानत नाही. आपल्या घरातलं कुणी असा उद्योग करत असेल, तर आधी हे विचारून घ्या.

हेल्मेट, गुडघ्याचे-कोपरांचे गार्ड, बूट आले. सराव अजून मित्राच्या पडीक रानातच चालतो, शर्यत पुढच्या हंगामात, इन्शाअल्लाह. भीती गेली का? नाही. पण आता ती घरात बसून असते, त्याला चोरून कुठे जायला लावत नाही.

सरावाआधी तो इंजिन सुरू करतो आणि माझ्याकडे बघतो. मी पुढे होऊन दोरी ओढते. गाडी त्या क्षणी गप्प होते. मग मी ती दोरी स्वतः त्याच्या मनगटाला बांधते आणि बाजूला उभी राहते.